जर्मनीतल्या छोट्या गावात किराणा: काय घ्यावं, काय चाखावं, फसगत कुठे होते?

चांदोरी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरपासून दोन वर्षांसाठी जर्मनीत, हार्त्स डोंगराळ भागातल्या एका छोट्या विद्यापीठाच्या गावात मुक्काम आहे. गावात दोन साधी सुपरमार्केटं, एक तुर्की दुकान आणि शनिवारी भरणारा भाजीबाजार, एवढंच. भारतीय किराणा हवा असेल तर रेल्वेने तास-सव्वातास. मी अंडी आणि मासे खाते. मटण-चिकन, चरबी, जिलेटिन यांतलं काहीही नको. खोलीवर विजेची शेगडी, एक कढई, तवा आणि तीन लिटरचा कुकर असेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोळी, वरण-भात, दही, फोडणी हे रोजचं गावातल्या सामानावर कसं निभवायचं? आणि दोन वर्षं तिथे राहून फक्त आपलंच खायचं, असं मला नको आहे. तिथलं काय आधी चाखावं, कसं करावं, आणि कशापासून जपावं? जर्मन जेमतेम वाचता येतं, त्यामुळे पाकिटावरचे नेमके शब्द सांगितलेत तर फार बरं होईल.

पाटावरवंटा

चांदोरी, सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. ओळखीची दिसली म्हणून वस्तू उचलायची नाही, नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. जर्मन शब्द एकमेकांना जोडून लांबत जातात आणि अर्धाच वाचला की घात होतो.

याचं पहिलं उदाहरण जिरं. ‘क्रॉइत्सक्युमेल’ म्हणजे जिरं. नुसतं ‘क्युमेल’ म्हणजे कॅरवे, शहाजिऱ्याच्या वळणाचं. दाणा जरा वाकडा आणि गडद असतो, बोटात चोळला की ओवा आणि बडीशेप यांच्या मधला वास येतो. तो तेलात पडला की आमटीत दुसरं काही घातलं तरी तोच वास वर राहतो. दोन्ही बरण्या फळीवर शेजारी-शेजारी असतात. ‘श्वार्त्सक्युमेल’ दिसलं तर ते कलौंजी.

गुळाचंही तसंच. ‘रोहरोरत्सुकर’ ही नुसती फिकट तपकिरी दाणेदार साखर, तिला गुळाची चव नाही. ‘फोलरोरत्सुकर’ म्हणजे उसाचा रस मळीसकट आटवून केलेली भुकटी. चिंचगुळाची आमटी, पुरणपोळी, गूळपोळी यांना हीच. साध्या दुकानात नसेल तर जैविक मालाच्या दुकानात नक्की मिळते. बिटाच्या साखरेचा काळा पाक बाटलीत मिळतो, तो गूळ समजून पुरणात घालू नका. त्याला मातकट बिटाचा वास असतो.

मसाल्यात हळद ‘कुर्कुमा’, धने ‘कोरिआंडर’, मेथ्या ‘बॉक्सहॉर्नक्ले’. तिखटाच्या जागी ‘पाप्रिका’ मिळेल, त्याचे दोन प्रकार असतात. ‘एडेलझ्यूस’ला तिखटपणा नाही, फक्त बेडगीसारखा रंग. ‘रोझेनशार्फ’ बेताचं तिखट. नेहमीचं लाल तिखट तुर्की दुकानातून घ्या, तिथे ‘पुल बिबेर’ नावाने भरड मिरची मिळते. ती मात्र मीठ आणि तेल लावलेली असते, म्हणून भाजीत मीठ हात राखून घाला. मोहरी साध्या दुकानात पिवळीच मिळते. दाणा मोठा, तडतडतो कमी आणि कडसर झणका जवळजवळ नाहीच. हिंग, काळी मोहरी, गोडा मसाला, आमसुलं एवढं भारतातून न्या. तूप, पनीर, खव्याची मिठाई बॅगेत ठेवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

रवा दोन तऱ्हेचा. ‘हार्टवाइत्सनग्रीस’ कठीण गव्हाचा, पिवळसर. उपम्याला हाच, कारण दाणा मोकळा राहतो. ‘वाइखवाइत्सनग्रीस’ मऊ गव्हाचा, पांढरट. शिऱ्याला चांगला, पण उपम्यात लगदा होतो. तोच हाताशी असेल तर एक वाटी रव्याला दोनच वाट्या पाणी घाला आणि आधी सात-आठ मिनिटं मंद भाजा.

बटाट्यांची गंमत लोकांच्या उशिरा लक्षात येते. पिशवीवर तीनपैकी एक शब्द असतो. ‘मेलिशकोखेंड’ पिठूळ, शिजला की फुटतो: बटाटेवडा, पराठा, रस्सा घट्ट करायला. ‘फेस्टकोखेंड’ शिजूनही फोडीला धार राहते: काचऱ्या, उपवासाची सुकी भाजी. ‘फोरवीगेंड फेस्टकोखेंड’ मधला. बहुतेक पिशव्यांवर अनुक्रमे निळा, हिरवा, लाल रंग असतो. वडे तळताना सारण चिकट, रबरासारखं झालं तर हात चुकलेला नसतो, बटाटा हिरव्या पिशवीतला असतो.

शेगडीबद्दल एक. जुन्या लोखंडी तबकड्यांची असेल तर बटण बंद केल्यावरही पाच-सात मिनिटं तापलेली राहते. फोडणीत मोहरी तडतडली की आच कमी करून भागत नाही, कढई उचलून बाजूलाच ठेवायची. आणि झोपायच्या खोलीत छताला धुराचा गजर असतोच. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद.

खपली

पोळीचं मी सांगतो, कारण इथे सगळ्यांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

पिठाच्या पुड्यावरचा आकडा म्हणजे राख. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम क्षार उरतात, ते. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा, ५५० जरा जाड मैदा, १०५० मध्यम आणि ‘फोलकॉर्न’ म्हणजे सगळ्या कोंड्यासकट, त्याला आकडाच नसतो. लोक फोलकॉर्न म्हणजे आपली कणीक समजून घेतात आणि पोळ्या कडक झाल्या की पाण्याला दोष देतात. कारण वेगळं आहे. आपल्या चक्कीत दगडांच्या घर्षणाने पिठातला स्टार्च बराच फुटतो आणि तो पाणी धरून ठेवतो, म्हणून पोळी डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहते. तिथलं पीठ पोलादी रुळांतून निघतं, स्टार्च कमी फुटतो, पाणी कमी शोषतं. कोंडाही मोठ्या तुकड्यांत राहतो आणि लाटताना पोळी त्या तुकड्यांपाशी फाटते.

उपाय असा. ३०० ग्रॅम १०५० आणि १०० ग्रॅम फोलकॉर्न, त्यातही ‘फाइन गेमालेन’ म्हणजे बारीक दळलेलं. मीठ, दोन चमचे तेल आणि कोमट पाणी साधारण २४० मिलिलिटर. पाणी एकदम ओतू नका, २०० घालून मळा आणि मग हाताला लागेल तसं वाढवा. झाकून अर्धा तास ठेवाच. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. १०५० मिळालं नाही तर ५५० आणि फोलकॉर्न निम्मं-निम्मं. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी भाजत राहिली की वाळते आणि पापडासारखी होते.

‘डिंकल’ म्हणजे आपला खपली गहू, असं ठिकठिकाणी लिहिलेलं दिसेल. ते खरं नाही. खपली म्हणजे एमर, तो तिथे ‘एमर’ याच नावाने जैविक दुकानात मिळतो. डिंकल म्हणजे स्पेल्ट, जात वेगळी. डिंकलचं ग्लुटेन लवकर ताणतं आणि लवकर तुटतं. त्याची पोळी करायची तर पाणी थोडं कमी, मळणं दोन-तीन मिनिटांपुरतं, आणि पोळी जरा जाड.

डाळींत ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मसूर डाळ, कुठल्याही दुकानात. पंधरा मिनिटांत उघड्या भांड्यात शिजते. ‘गेल्बे शेलएर्ब्सेन’ दिसायला थेट हरभऱ्याच्या डाळीसारखी, पण ती वाटाण्याची डाळ. चार तास भिजवून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या लागतात आणि तरी तुरीसारखी एकजीव होत नाही. दोन भाग ही आणि एक भाग मसूर डाळ एकत्र शिजवली की वरणाचा घोटीवपणा येतो, हळद-हिंग घातल्यावर रोजचं वरण म्हणून चालतं. ‘टेलरलिन्झेन’ मोठे चपटे अख्खे मसूर, उसळीला उत्तम. ‘झोयाश्प्रॉसेन’ लिहिलेल्या बरणीत किंवा ताज्या डबीत सोयाबीन नसतं, बहुतेक वेळा मोड आलेले मूगच असतात.

लोणकढं

दूधदुभतं हे जर्मनीचं बलस्थान आहे, त्यामुळे इथे खरं तर काहीच अडायला नको. शब्द तेवढे कळायला हवेत.

विरजणाला ‘जोगुर्ट मिल्ड’ घेऊ नका. ‘मिल्ड’ लिहिलेल्यात वेगळे जिवाणू असतात, ते दही मुद्दाम कमी आंबट ठेवतात. नुसतं ‘जोगुर्ट’ किंवा ‘नाटुअरजोगुर्ट’, ३.५ टक्के फॅटचं, शेजारी ‘मिल्ड’ नाही याची खात्री करून. लिटरभर दुधाला एक मोठा चमचा. दूध बोटाला सोसेल इतकं गरम, म्हणजे ४२ अंशांच्या आसपास. थंडीत बाहेर ठेवून दही लागणार नाही. ओव्हन असेल तर फक्त आतला दिवा चालू ठेवून सात-आठ तास. नसेल तर पातेलं टॉवेलात गुंडाळून हीटरजवळ.

ताकाच्या जागी ‘बुटरमिल्श’. कढीला चांगलं, पण त्यात फॅट एक टक्क्याच्या आत असल्याने पटकन फुटतं. अर्ध्या लिटरला दीड मोठा चमचा बेसन थंड असतानाच घुसळून घ्या आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. बेसन ‘किशरएर्ब्सेनमेल’ नावाने मिळतं.

तुपासाठी लोण्याचे तीन प्रकार दिसतील. ‘झाउअररामबुटर’ हे विरजलेल्या सायीचं, म्हणजे आपल्या लोण्याच्या सर्वांत जवळचं. कढवल्यावर खमंग वास यालाच येतो. ‘झ्यूसरामबुटर’ गोड सायीचं, तूप होतं पण वास मुका. ‘मिल्डगेझॉयर्ट’ यांच्यामधलं. २५० ग्रॅम लोण्याचं साधारण २०० ग्रॅम तूप पडतं. बेरी तांबूस व्हायच्या दोन मिनिटं आधीच पातेलं शेगडीवरून काढा, तबकडीच्या उरलेल्या उष्णतेने ती पुढे भाजत राहते.

आता तुमच्या मुख्य काळजीचं. ‘श्माल्ट्स’ म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी. पण ‘बुटरश्माल्ट्स’ म्हणजे शुद्ध तूप! हा एक शब्द न कळल्याने कित्येक शाकाहारी लोक तयार तूप फळीवर सोडून येतात आणि श्माल्ट्स घातलेला बाटलीतला लाल कोबी घरी आणतात.

पाकिटावर घटकांच्या यादीत काही शब्द ठळक छापलेले असतात. ते ठळक शब्द म्हणजे अ‍ॅलर्जीचे १४ घटक: दूध, अंडं, मासे, गहू, मोहरी, सेलरी वगैरे. मांस, चरबी आणि जिलेटिन त्या चौदांत नाहीत. म्हणजे तुम्हाला जे टाळायचं आहे नेमकं तेच ठळक नसतं. यादी पूर्ण वाचा आणि हे शब्द शोधा: ‘श्वाइन’ (डुक्कर), ‘रिंड’ (गाय-बैल), ‘हून’ (कोंबडी), ‘श्पेक’ (डुकराचं चरबीदार खारवलेलं मांस), ‘शिंकेन’ (हॅम), ‘श्माल्ट्स’, ‘गेलाटिने’. डबाबंद मसुराच्या सुपात, कांद्याच्या पेस्ट्रीत, परतलेल्या बटाट्यांत श्पेक ही नित्याची गोष्ट आहे. फळांच्या हलक्या फुलक्या दह्यांत आणि क्रीमच्या पुडिंगांत जिलेटिन असतं. सूपसाठीच्या ‘क्लारे ब्र्यूहे’च्या वड्या बैलाच्या मांसाच्या असू शकतात, ‘गेम्यूझेब्र्यूहे’ भाजीची. लाल रंगाच्या गोळ्यांत ‘ई १२०’ किंवा ‘कार्मिन’ म्हणजे किड्यांपासून काढलेला रंग.

चीजमध्ये ‘लाब’ म्हणजे रेनेट, दूध फाडायला घालतात ते. ते वासराच्या पोटातलं किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं असू शकतं. ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिलेलं असेल तर निश्चिंतपणे घ्या. पार्मेजानो आणि ग्राना पदानो यांत नेहमी वासराचंच असतं. सफरचंदाचा पारदर्शक रस कधी जिलेटिनने निवळलेला असतो आणि ते पाकिटावर लिहायची सक्ती नाही. ‘नाटुअरट्र्यूब’ म्हणजे गढूळ रस घेतला की तो प्रश्नच मिटतो, आणि चवीलाही तोच सरस आहे.

तुमच्याच भागातला एक पदार्थ आवर्जून चाखा: ‘हार्त्सर केझे’. आंबवून फाडलेल्या दुधाच्या क्वार्कपासून, म्हणजे चक्क्यासारख्या ताज्या चीजपासून करतात. फॅट एक टक्क्याच्याही आत आणि १०० ग्रॅममध्ये जवळपास ३० ग्रॅम प्रथिनं. वास उग्र येतो, तो पिकण्याचा वास आहे, नासण्याचा नव्हे. हा बाहेरून आत पिकत जातो. मधोमध पांढरा भुसभुशीत गाभा दिसत असेल तर तो कोवळा आणि सौम्य, सुरुवातीला तसाच घ्या. सगळा पिवळा, काचेसारखा झाला की पक्व. पातळ चकत्या, वर बारीक कांदा, व्हिनेगर, तेल आणि थोडं क्युमेल, आणि सोबत राईचा (इंग्रजीत ‘राय’ म्हणतात त्या धान्याचा, मोहरीचा नव्हे) पाव. क्युमेल फोडणीत बिघडवतं, पण इथे ते नसेल तर चव अर्धवट लागते. हॉटेलात मात्र हार्त्सर मागवताना पावाला श्माल्ट्स लावू नका असं सांगा, तिथे ती जोडी नेहमीची आहे.

चांदोरी

केवढी माहिती! मनापासून आभार. क्वार्क म्हणजेच चक्का असं ऐकलं होतं. श्रीखंडाला कोणता घ्यायचा? त्यावर ४० टक्के, २० टक्के असं लिहिलेलं असतं. ४० टक्के फॅट म्हणजे फारच झालं ना?

आणि माशांबद्दलही कोणी सांगाल का?

लोणकढं

४० टक्के हे एकूण वजनाचे नाहीत. पाणी वगळून जो घन भाग उरतो त्याचे ते ४० टक्के, प्रत्यक्षात १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅमच्या आसपास. श्रीखंडाला हाच घ्या. ‘मागरक्वार्क’ बिनफॅटचा असतो, त्याचं श्रीखंड खडूसारखं कोरडं लागतं.

क्वार्क आणि चक्का सख्खे नाहीत, चुलत म्हणा. चक्का दह्याचा, क्वार्कमध्ये मात्र आंबवणीच्या जोडीला बहुतेक वेळा थोडं लाबही घालतात आणि ते कुठल्या प्रकारचं हे डब्यावर नसतं. चालणार असेल तर ५०० ग्रॅम क्वार्क फडक्यात बांधून फ्रीजमध्येच पाच-सहा तास टांगा किंवा चाळणीत ठेवा. पाणी निथळून ४०० ग्रॅमच्या आत-बाहेर उरतं. आंबटपणा कमी असल्याने साखर २०० ग्रॅम पुरे. साखर घालून अर्धा तास ठेवा आणि मग बारीक चाळणीतून दाबून काढा, कणी मोडते.

लाब नको असेल तर तुर्की दुकानातलं ‘स्युझ्मे’, म्हणजे टांगलेलं १० टक्के फॅटचं दही. माझ्या मते श्रीखंडाला तेच अधिक चांगलं, आंबटपणाही आपल्यासारखा. टांगायचे कष्टही वाचतात.

तिरफळ

चांदोरी, गाव डोंगरातलं आहे, त्यामुळे ताजा समुद्री मासा रोज मिळेल अशी आशा ठेवू नका. गोठवलेला आणि खारवलेला-धुरवलेला माल मात्र चांगला असतो.

‘झेलाक्स’ या नावात लाक्स आहे म्हणून तो सॅमन समजू नका. त्याचा सॅमनशी काही संबंध नाही, तो कॉडच्या कुळातला पांढरा मासा. स्वस्त आणि घट्ट. कालवणाला याहून बरा ‘रोटबार्श’, रश्श्यात तुटत नाही. ‘काबेलयाउ’ म्हणजे कॉड, त्याच्या पाकळ्या सुटतात, तो तळायला ठेवा. गोठवलेले तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये विरघळू द्या आणि पाणी पूर्ण टिपून घ्या. तसेच टाकले तर खोबऱ्याचं वाटण पातळ होतं. खोबरं ‘कोकोसरास्पेल’ नावाने वाळलेलं मिळतं, बिनसाखरेचं. १०० ग्रॅमला १०० मिलिलिटर गरम पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवून वाटलं की काम होतं. कालवण आधी पुरतं उकळू द्या. चिंचेचा किंवा आमसुलाचा आंबटपणा लागल्यावर मासे सोडा आणि पाच-सहा मिनिटांत आच बंद करा. हे मासे बिनकातड्याचे, बिनकाट्याचे असतात. आपल्या बांगड्याइतका वेळ दिलात तर चोथा होतो.

हार्त्सच्या ओढ्यांमधला ‘फोरेले’, म्हणजे ट्राउट, शनिवारच्या बाजारात बघा. अख्खा, २५०-३०० ग्रॅमचा. नदीचा मासा आहे, चव अगदी सौम्य. हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून पंधरा मिनिटं आणि रव्यात घोळवून तळायचा. फार मसाला लावलात तर तो कुठला मासा होता हे कळणारही नाही.

‘गेरॉइशर्टे माक्रेले’ म्हणजे धुरी दिलेला, आपल्या बांगड्याच्या नात्यातला मासा. तो शिजलेलाच असतो. तळू नका, तेल सुटून घरभर वास राहतो. कातडं ओढून काढा, मधला काटा अलगद निघतो, मग मांस कुस्करून त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. भाताबरोबर सुक्या जवळ्याच्या कोशिंबिरीची आठवण होते. ‘मात्येस’ हा न शिजवलेला, मिठात मुरवलेला हेरिंग. पोत लोण्यासारखा. पहिल्यांदा एकच तुकडा घ्या, कच्चा कांदा आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर. खारट वाटला तर दहा मिनिटं दुधात ठेवून पुसून घ्या.

माशाच्या पाकिटावरची तारीख नीट बघा. ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ म्हणजे तोवर उत्तम राहील, नंतर वास-चव बघून ठरवा. ‘त्सु फेअरब्राउखेन बिस’ म्हणजे त्या दिवसानंतर टाकायचंच. ताज्या माशावर दुसरी असते. दुकानं संध्याकाळी ३० टक्के सवलतीची चिठ्ठी लावतात, ती चिठ्ठी लावलेला मासा त्याच रात्री संपवायचा.

आणि पावावर गुलाबी खिमा लावलेला दिसला तर ते ‘मेट’, कच्च्या डुकराच्या मांसाचं. बेकरीत चीजच्या पावाशेजारीच ठेवलेलं असतं.

शेपूची जुडी

भाज्यांचं कोणी बोललंच नाही अजून. माझ्या मते नवीन चवींची सुरुवात भाजीपासून करावी, खिशालाही परवडतं.

‘कोलराबी’ म्हणजे नवलकोल. त्याचा पाला लोक दुकानातच मोडून टोपलीत टाकतात. तुम्ही टाकू नका, कोवळ्या पाल्याची ताकातली भाजी होते. सोलताना बुडाकडून सुरू करा, रेषा तिथेच असतात. आधी कच्चा खा, मीठ लावून. तिथे तो असाच जास्त आवडीने खातात आणि शिजवल्यावर ती गोडी राहत नाही. ‘डिल’ म्हणजे शेपू, पण सुपरमार्केटात चार काड्यांची डबी मिळते. भाजीपुरती जुडी तुर्की दुकानातच घ्या, तिथेच कोथिंबीर, भेंडी, लहान वांगी.

तुम्ही ऑक्टोबरात जाताय, तेव्हा ‘होक्काइडो’ भोपळ्याचे दिवस असतील. नारिंगी, किलो-दीड किलोचा, सालीसकट शिजतो. आपल्या लाल भोपळ्यापेक्षा यात पाणी कमी, म्हणून घारग्यांना कणीक नेहमीपेक्षा कमी लागते. आधी कीस गुळात शिजवून घ्या आणि मावेल तेवढंच पीठ. त्याच सुमारास बाजारात रंगीबेरंगी, खडबडीत छोटे भोपळे टोपल्यांत दिसतील. ‘त्सीअरक्युर्बिस’ म्हणतात, ते शोभेचे आणि विषारी आहेत. कुठलाही भोपळा किंवा झुकिनी कडू लागली की थुंकून टाका, शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीचं आपल्याकडे जे सांगतात तेच हे.

थंडी पडली की ‘ग्रुनकोल’. हिरवा, कुरळा, जाड पानांचा. पालकासारखा पाच मिनिटांत होईल असं समजाल तर चघळतच बसाल. मधला दांडा ओढून काढा, पानं बारीक चिरा, कुकरमध्ये मसूर डाळीबरोबर दोन-तीन शिट्ट्या, आणि लसणाची सढळ फोडणी. हॉटेलात मागवू नका, तिथे तो हमखास मांसाबरोबरच शिजवलेला असतो.

वसंतात ‘श्पार्गल’, पांढरा शतावरीचा कोंब. साधारण एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत मिळतो आणि त्यासाठी अख्खा देश वेडा होतो. दोन कोंब एकमेकांवर घासले की कुईकुई वाजले पाहिजेत, तो ताजा. शेंड्याच्या खालपासून बुडापर्यंत सोला, साल चिकटून राहिली तर तोंडात दोरा येतो. बुडाचे दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका. मीठ, चिमूटभर साखर, थोडं लोणी घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं. वरून वितळलेलं लोणी, बाजूला उकडलेले बटाटे. कृपा करून पहिल्या वेळी तरी फोडणी देऊ नका. एवढी नाजूक चव हिंग-मोहरीखाली गाडली जाते.

त्याच दिवसांत ‘राबार्बर’, लालसर आंबट दांडे. पानं विषारी, ती कधीही खायची नाहीत. दांड्यांचा मेथांबा फार सुंदर होतो: अर्धा किलो दांडे, दीडशे ते दोनशे ग्रॅम फोलरोरत्सुकर, मेथ्या, तिखट, मीठ. कैरीपेक्षा फार लवकर, पाच-सहा मिनिटांत शिजतो आणि क्षणभर दुर्लक्ष झालं की त्याचा लगदा होतो, म्हणून गूळ आधी विरघळवून घ्या आणि मग फोडी टाका.

‘श्टाखेलबेरे’चा अर्थ शब्दकोशात गूजबेरी आणि गूजबेरीचा अर्थ आवळा दिसेल. तो आवळा नाही. आत बिया आणि रसाळ गर, तुरटपणा नाही. मोरावळा होणार नाही, पण लोणचं होतं.

पाटावरवंटा

जुडीताईंनी वसंताचं लिहिलंय म्हणून जोडतो: मार्च-एप्रिलमध्ये जंगलात ‘बेअरलाउख’, लसणाच्या वासाची पानं उगवतात आणि लोक पिशव्या भरून आणतात. चटणी अप्रतिम होते. पण तशाच दिसणाऱ्या लिली-ऑफ-द-व्हॅली आणि ‘हेर्ब्स्टत्साइटलोझे’ यांची पानं प्राणघातक आहेत. वास घेऊन ओळखा म्हणतात, ते पहिल्या दोन-चार पानांपुरतंच खरं. नंतर हातालाच लसणाचा वास लागलेला असतो. पहिली दोन वर्षं बाजारातलीच जुडी घ्या.

पावाबद्दल: सुपरमार्केटातल्या पिशवीपेक्षा बेकरीत जा. अर्धा पाव मागता येतो आणि कापूनही देतात. ‘आइन हाल्बेस, गेश्निटन, बिटे’ एवढं म्हटलं की झालं. सुरुवात ‘वाइत्सनमिशब्रोट’ने करा, त्यात गहू निम्म्याहून जास्त. मग ‘रोगेनमिशब्रोट’, त्यात राई जास्त आणि आंबटपणाही. फ्रीजमध्ये ठेवू नका, पाव तिथे लवकर शिळा होतो. कागदी पिशवीत, कापलेली बाजू खाली. राईचा पाव ताजा-ताजा चिकट लागतो, दुसऱ्या दिवशी खुलतो.

चांदोरी

सगळं उतरवून घेतलं आहे. शेवटचं एक: मी २ ऑक्टोबरला दुपारी पोचते आहे. पहिल्या दिवशी काय घेऊन ठेवू?

खपली

त्याच संध्याकाळी दुकानात जा, उद्यावर टाकू नका. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, सगळं बंद. रविवारीही सगळं बंद असतंच, आणि तुमच्या भागात ३१ ऑक्टोबरलाही सुट्टी आहे, तीही वहीत लिहून ठेवा.

दोन दिवसांसाठी अर्धा किलो मसूर डाळ, एक किलो बासमती, एक किलो लाल पिशवीचे बटाटे, कांदे, दही (मिल्ड नको), लोणी, सहा अंडी, अर्धा पाव, एक कोलराबी. तेल ‘झोनेनब्लुमेन’, म्हणजे सूर्यफुलाचं. कापडी पिशवी न्या आणि ढकलगाडीसाठी एक युरोचं नाणं हाताशी ठेवा. काही दुकानांत भाजी आपणच वजन करून चिठ्ठी लावायची असते. तराजू भाजीपाशीच असेल तर टोपलीवरचा क्रमांक लक्षात ठेवून दाबा, नाहीतर गल्ल्यावरून परत जावं लागतं. किंमत बघताना फळीवरच्या चिठ्ठीतला छोटा आकडा, ‘ग्रुंडप्राइस’, म्हणजे किलोचा किंवा लिटरचा भाव वाचा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली चेपू नका, यंत्र घेत नाही.

आणि गल्ल्यावर सामान भराभर पुढे ढकलतात. पिशवीत तिथेच भरत बसू नका, सगळं परत गाडीत टाका आणि खिडकीपाशी जो लांब ओटा असतो तिथे निवांत भरा.